ऑर्थोस प्राइम: आठ महिने रोज हातात असलेला भाला

वॉरफ्रेम हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसमोर ऑर्थोस प्राइम या हत्याराचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं, "ते आता जुनं झालं." माझा दादाही तेच म्हणाला होता. "अगं, गुआनदाओ प्राइम घे. क्रिटिकल जास्त लागतं." त्याचं चुकत नव्हतं, क्रिटिकलमध्ये, म्हणजे अधूनमधून नेहमीपेक्षा कितीतरी जोरात बसणाऱ्या फटक्यांत, गुआनदाओ हे दुसरं हत्यारच सरस आहे. पण हा दोन्ही टोकांना पाती असलेला भाला मला पहिल्याच दिवशी आवडला. मर्दानी खेळात लाठी फिरते ना, तसाच तो हातात फिरतो. पुढचं पातं लागून गेलं की मागचं लगेच येतं.

मिळवायला वेळ गेला. दोन पाती, एक दांडा आणि ब्लूप्रिंट (बनवायचा आराखडा), सगळं रेलिकमधून, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या वस्तूंमधून. दांडा लवकर मिळाला, दुसऱ्या पात्यासाठी मात्र रेलिक उघडता येतात अशी कित्येक फिशर मिशन केली. 10 रिॲक्टंट गोळा करायचे, रेलिक उघडायचं आणि भलतंच काहीतरी हातात यायचं, असं बरेच दिवस चाललं.

पहिले दोन महिने मी हे हत्यार चुकीचं वापरलं. आठही जागांवर जमतील तेवढे डॅमेज वाढवणारे मॉड, म्हणजे हत्याराची ताकद बदलणारी कार्डं, बसवले. आकडे छान दिसायचे, पण गर्दीत शिरले की घेरली जायचे. मग पल्ला वाढवणारा प्राइम्ड रीच घेतला. हा मॉड बारो की'तीर या व्यापाऱ्याकडे मिळतो. तो दोन आठवड्यांनी एकदा येतो, 48 तास थांबतो आणि दर खेपेला त्याच्याकडे हा मॉड असेलच असं नाही. माझ्या दोन खेपा फुकट गेल्या. मिळाल्यावर तो शेवटच्या पायरीपर्यंत चढवायला सुमारे 40 हजार एंडो (मॉड चढवायचं साहित्य) आणि जवळपास 20 लाख क्रेडिट (खेळातले पैसे) लागले. तिजोरी रिकामी झाली, पण त्याचं जराही वाईट वाटत नाही.

कारण पूर्ण चढवलेला प्राइम्ड रीच पल्ल्यात 3 मीटरची भर घालतो, आणि पल्ला वाढला की डॅमेजही वाढतं. हे मला फार उशिरा कळलं. या खेळात दर 20 फटक्यांना कॉम्बोचा, म्हणजे सलग फटक्यांच्या मोजणीचा, गुणक एकाने चढतो, 220 फटक्यांना तो 12 पट होतो. एका वारात पाच जण सापडले तर पाच फटके मोजले जातात. तलवारीने जे मोजत बसावं लागतं, ते पोलआर्मने, म्हणजे अशा लांब दांड्याच्या हत्याराने, तीन-चार वारांत होऊन जातं. मग ब्लड रश हा मॉड त्या गुणकावर क्रिटिकल वाढवत नेतो. मुळातलं क्रिटिकल कमी असल्याची तक्रार तिथे बरीचशी मिटते.

परवाचाच सर्व्हायव्हल, म्हणजे वेळ संपेपर्यंत तग धरायचं मिशन, सांगते. समोर ग्रिनिअर ही शत्रूची फौज, मागे लाइफ सपोर्टची कॅप्सूल. त्यांचे बुचर सैनिक नेहमीप्रमाणे धावत आले, त्यांच्यामागे हेवी गनर. एरवी तिच्याजवळ गेलं की ती पाय आपटून आपल्याला आडवं पाडते. या वेळी मी जागेवरून हलले नाही. पहिल्या फिरकीत बुचर पडले, दुसरी फिरकी गनरपर्यंत पोचली आणि तिच्यावर स्लॅशचा, म्हणजे कापणाऱ्या वाराचा, रक्तस्राव लागला. तो 6 सेकंद चालतो आणि चिलखताला जुमानत नाही. त्यावर व्हायरल (बसणारा मार वाढवणारा परिणाम) होतंच. मी पुढच्या घोळक्याकडे वळले आणि ती मागे आपोआप कोसळली. ऑर्थोसवर जीव जडतो तो अशा क्षणी.

खरं बळ स्टेटसमध्ये, म्हणजे रक्तस्रावासारख्या परिणामांमध्ये, आहे. कंडिशन ओव्हरलोड हा मॉड प्रत्येक वेगळ्या स्टेटसमागे 80 टक्के मेली (जवळून मारायच्या हत्याराचं) डॅमेज वाढवतो, आणि ऑर्थोस प्राइमचं स्टेटस मुळातच दणदणीत आहे. आधी पिस्तुलातून दोन-तीन स्टेटस चढवायचे, मग भाला. स्टान्स, म्हणजे वारांची पद्धत ठरवणारा मॉड, मी शिमरिंग ब्लाइट ठेवलाय. ब्लीडिंग विलो हा दुसरा महिनाभर वापरला, हात बसला नाही.

आता उणिवा. अरुंद बोळात अर्धा पल्ला वाया जातो, भिंतीपलीकडचा माणूस वाचतो. एका वारात अनेक जण सापडले तर पहिल्याला बसतो तेवढा जोर नंतरच्यांना बसत नाही. उडणाऱ्यांसाठी बंदूक लागतेच. कॉम्बो 5 सेकंदांत उतरतो, त्यामुळे दोन घोळक्यांमधे लांब पळावं लागलं की केलेली सगळी मेहनत शून्यावर. त्यासाठी ड्रिफ्टिंग कॉन्टॅक्ट मॉड बसवला. 10 सेकंद वाढले आणि थोडं स्टेटसही, पण एक जागा खर्ची पडली. मला तो सौदा पटला.

एक सुख मात्र कोणी सांगत नाही. खोलीत नुसतं एकदा फिरवलं की कोपऱ्यातली खोकी, डबे सगळे फुटतात. वाकून शोधत बसावं लागत नाही.

नवीन असाल आणि हातात प्राइम्ड रीच नसेल, तर ऑर्थोस प्राइम आधी साधाच वापरा, त्यावर घाईने फोर्मा (जास्त मॉड मावावेत म्हणून लावायची वस्तू) लावू नका. प्रत्येक फोर्माला रँक शून्यावर येते आणि 30 पर्यंत परत चढावं लागतं. मी तीन लावले. चौथा काल लावलाय. आत्ता रँक 11 वर आहे, आणि दादाने कालच विचारलं, "तुझ्या त्या जुन्या भाल्याचे मॉड कुठले कुठले आहेत गं?"