स्फोटक ताकदीसाठी केटलबेल: १६ किलो घ्यावी की २४?

कबड्डीतली झेप, व्हॉलीबॉलची उडी किंवा शंभर मीटरची सुरुवात सुधारायची असेल, तर केटलबेल (वर दांडी असलेला लोखंडी गोळा) किती जड आहे यापेक्षा ती किती झपाट्याने हलते ते बघा. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. वजन वाढवून वेग पडला, तर मिळवलेलं तिथेच गेलं. म्हणून निवड दोन हातांच्या स्विंगवरून करावी, म्हणजे केटलबेल पायांमधून मागे नेऊन कुल्ल्यांच्या झटक्याने छातीपर्यंत झुलवण्यावरून.

सत्तरेक किलो वजनाच्या, थोडाफार व्यायाम असलेल्या पुरुषापुढे खरे पर्याय दोनच. १६ किलोवर हालचाल नीट बसते: पाठ सरळ ठेवून कुल्ल्याच्या सांध्यातून वाकणं आणि तिथूनच झटका देणं. पण काही आठवड्यांत ती हलकी वाटू लागते आणि कुल्ल्यांचं काम खांदे करू लागतात. २४ किलो खांद्यांना ही सवलत देत नाही. कुल्ले जोरात पुढे आले तरच ती वर येते. मात्र वाकण्याची पद्धत कच्ची असेल, तर हेच वजन पाठ गोल करतं आणि सगळा ताण कमरेवर येतो. स्वतःच्या वजनाइतकी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं) सरळ पाठीने पाच वेळा होत असेल, तर थेट २४ घ्या. नाहीतर १६. वीस किलोवर पैसे घालू नयेत, लवकरच २४ लागते.

स्त्रियांनी स्विंगसाठी १२ पासून सुरुवात करून १६ कडे जावं. चार-पाच किलोची रंगीत केटलबेल या कामाची नाही.

विकत घेण्याआधी एखाद्या जिममध्ये दहा स्विंग मारा आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करा. दहावा स्विंग पहिल्याइतकाच वेगवान हवा. छातीच्या उंचीवर केटलबेल हाताच्या रेषेत राहायला हवी; खाली लोंबत असेल तर हात तिला ओढताहेत. प्रत्येक वेळी गुडघे वाकून बैठक होत असेल, तर वजन जड आहे किंवा तंत्र चुकतंय. एका हाताच्या स्नॅचसाठी (केटलबेल एका झटक्यात डोक्यावर नेणं) हाच निकष लावू नका: २४ ने स्विंग मारणाऱ्यालाही स्नॅचला सुरुवातीला १६ च बरी.

स्पर्धेच्या स्टीलच्या केटलबेल सगळ्या वजनांत एकाच आकाराच्या असतात, पण त्यांच्या दांडीत दोन्ही हात दाटीने बसतात. स्विंगसाठी पावडर कोटिंगची ओतीव लोखंडाची चांगली. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत हे कोटिंग फार महत्त्वाचं आहे: गुळगुळीत क्रोमची दांडी घामाने निसटते, पावडर कोटिंगवर चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड) टिकतो. पावसाळ्यात वापरानंतर पुसून ठेवा, नाहीतर कोटिंग उडालेल्या जागी गंज धरतो. फ्लॅटमध्ये खाली जाड रबरी मॅट हवीच. टाइल तडकते आणि खालच्या मजल्यावर आवाज जातो. ठाण्यात उपवनला किंवा वाशीत सागर विहारला उघड्यावर करणार असाल, तर पुढे-मागे दोन मीटरमध्ये चालणारं कुणी नको.

सराव आठवड्यातून दोन-तीनदा: ५ ते ८ स्विंगचे ८ ते १० सेट, मध्ये ६० ते ९० सेकंद विश्रांती. वेग पडला की त्या दिवशी तिथेच थांबा. १६ ने हे सगळे सेट एकाच वेगात होऊ लागले, की पहिले दोन-तीन सेट पाच-पाच स्विंगचे २४ ने मारा आणि उरलेले १६ ने.