मॅकार्थी की कार्पात? उस्मानी साम्राज्याची शिरगणती समजून घ्यायची तर

उस्मानी (ऑटोमन) साम्राज्य, म्हणजे आजच्या तुर्कस्तानभोवती पसरलेलं सुलतानांचं राज्य, मोडकळीला आलं तेव्हा तिथे माणसं किती होती आणि 1922 पर्यंत त्यातली किती उरली, हे इंग्रजीतून वाचायचं म्हटलं की दोन पुस्तकं हमखास सुचवली जातात. जस्टिन मॅकार्थींचं ‘मुस्लिम्स अँड मायनॉरिटीज’ (1983) आणि केमाल कार्पात यांचं ‘ऑटोमन पॉप्युलेशन, 1830–1914’ (1985). माझा सल्ला आधीच सांगते: आधी कार्पात, मग मॅकार्थी. आणि मॅकार्थींची आकडेमोड एकीकडे, निष्कर्ष दुसरीकडे, असं ठेवून वाचा.

कार्पातांचं पुस्तक म्हणजे मुख्यतः दप्तरच. कोष्टकांमागून कोष्टकं, सलग वाचायला बसलात तर डुलकी लागेल. पण मोजणी का आणि कशी व्हायची, हे इथेच नीट कळतं. 1826 मध्ये जॅनिसरी ही सुलतानाची जुनी फौज मोडल्यावर नव्या सैन्याला जवान हवे होते, कर बसवायचा होता. म्हणून 1831 ची मोजणी फक्त पुरुषांची. 1881-82 ला सुरू झालेल्या मोजणीत बायका धरल्या गेल्या आणि 1893 मध्ये सुलतान अब्दुल हमीदपुढे आकडा गेला सुमारे 1 कोटी 74 लाखांचा. नोंद मात्र धर्माप्रमाणे. तुर्क, कुर्द, अरब सगळे ‘मुसलमान’ या एकाच रकान्यात. पूर्वेकडे कुर्द नेमके किती, असं विचाराल तर सरकारी तक्त्यांकडे उत्तर नाही.

मॅकार्थी हेच सरकारी आकडे घेतात, पण जसेच्या तसे नाही. नोंदींत बायका आणि लहान मुलं कमी दिसतात. पाच वर्षांखालचे मुलगे त्यांच्याहून मोठ्या मुलांपेक्षा कमी भरले, तर लिहिणाऱ्यांनी तान्ही मुलं वगळली हे उघड आहे. मग लोकसंख्याशास्त्रातले नमुना आयुर्मान तक्ते (कुठल्या वयात किती माणसं जगतात-मरतात याचे ठराविक अंदाज) लावून ते ही तूट भरून काढतात. पुस्तकाचं खरं बळ इथे आहे, आणि त्यांच्या कडव्या विरोधकांनीही हा भाग वाचावा.

वाद पेटतो तो आर्मेनियनांवर, म्हणजे 1915 मध्ये सरकारने हद्दपार केलेल्या ख्रिश्चन समाजावर. मॅकार्थींच्या हिशेबात 1912 मध्ये अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) जेमतेम 15 लाख आर्मेनियन होते आणि 1922 पर्यंत त्यातले सुमारे सहा लाख मेले. उलट आर्मेनियन चर्चच्या धर्मपीठाचा 1913 मध्ये छापलेला आकडा 21 लाखांचा. (तो छापणारा ‘मार्सेल लेआर’ म्हणजे टोपणनावाने लिहिणारे खासदार क्रिकोर झोहराब, 1915 मध्ये त्यांचाच खून झाला.) हे दोन आकडे शेजारी ठेवताना जपून: पहिला अनातोलियाचा आहे, दुसरा सगळ्या साम्राज्याचा. तरीही फरक उरतोच. टीकाकार म्हणतात, ख्रिश्चनांना 1909 पर्यंत सैन्याऐवजी कर भरावा लागायचा, त्यामुळे नोंद टाळण्यात त्यांचा फायदा होता. शिवाय आर्मेनियन कमी दिसणं सरकारच्याही सोयीचं होतं. मॅकार्थींचं उत्तर असं की घरोघर मोजायला धर्मपीठाकडे यंत्रणाच नव्हती. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे.

पण मला अडतं ते पुढे. आधीची लोकसंख्या वजा वाचलेले म्हणजे मेलेले, ही वजाबाकी झाली. माणसं कशाने मेली, हे वजाबाकीला कळत नाही. मॅकार्थी मात्र मुसलमानांचे मृत्यू (अनातोलियात सुमारे 25 लाख) शेजारी मांडतात आणि सगळ्याचं खापर युद्ध, रोगराई आणि दोन्ही बाजूंच्या कत्तलींवर फोडतात. 2005 मध्ये तुर्की संसदेत भाषण करतानाही त्यांची भूमिका हीच होती. मुसलमानांचे ते मृत्यू खरे आहेत, आणि बरेच इतिहासकार त्यांच्याकडे काणाडोळा करतात ही मॅकार्थींची तक्रारही रास्त आहे. पण हद्दपारीचे हुकूम, वाळवंटाकडे हाकललेले तांडे हा पुरावा कोष्टकात मावत नाही. बहुसंख्य अभ्यासक या घटनेला नरसंहारच म्हणतात, तो याच पुराव्यावर.

गंमत अशी की सर्वांत बोलका आकडा हद्दपारी राबवणाऱ्याच्याच घरात निघाला. गृहमंत्री तलात पाशाची वही 2008 मध्ये तुर्कस्तानात छापली गेली. तीत आर्मेनियन आधी सुमारे 12 लाख 56 हजार, नंतर 2 लाख 84 हजार. गेलेले सगळे मेले असं नाही, कित्येक रशियात पळाले. पण जवळजवळ पावणेदहा लाख माणसं सरकारी दप्तरातून गायब झाली.

कार्पात या प्रश्नाला हात लावत नाहीत. 1914 ला थांबतात, जरा सोयीस्करच. सरकारी आकड्यांवर त्यांचाही भरवसा आहे, म्हणून कार्पात आणि मॅकार्थी वाचून ‘दोन्ही बाजू’ वाचल्याचं समाधान मानू नका. दुसरी बाजू हवी तर रेमों केव्होर्कियन यांचा ‘द आर्मेनियन जेनोसाइड’ (इंग्रजीत 2011) घ्या. ग्रंथ जाडजूड आहे. ते साम्राज्यातले आर्मेनियन 19 लाखांच्या आसपास धरतात, धर्मपीठाच्या गावनिहाय याद्यांवरून.

निबंधासाठी एखादा आकडा हवा असेल तर कार्पात पुरे. लोकसंख्याशास्त्र शिकत असाल तर मॅकार्थींचं पद्धतीवरचं परिशिष्ट सोडू नका. आणि 1915 साठीच वाचत असाल तर केव्होर्कियनपासून सुरू करा, मॅकार्थी हाताशी ठेवा आणि प्रत्येक आकड्याला एकच विचारा: कुठल्या हद्दीतला, कुठल्या सालचा?