४८६ साठी सीएफ-आयडीई अडॅप्टर: स्वस्तातला, पण कामाचा

माझ्या ४८६ डीएक्स२-६६ या नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटरची मूळ हार्ड डिस्क आचके द्यायला लागली. तितकीच म्हातारी दुसरी डिस्क शोधण्यापेक्षा मी सीएफ-आयडीई अडॅप्टर लावला, म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लॅश (सीएफ) मेमरी कार्ड जुन्या हार्ड डिस्कच्या आयडीई केबलला जोडणारा. आगपेटीएवढी बिननावाची हिरवी पाटी. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डात आयडीई मोड मुळातच असतो, त्यामुळे अडॅप्टरचं काम फक्त पिना जुळवण्याचं. एसडी कार्डवाल्या अडॅप्टरात मधे रूपांतराची चिप लागते. मला तो प्रकार नकोच होता.

माझ्या केबलचं विसाव्या पिनेचं भोक बुजवलेलं आणि अडॅप्टरवर चाळीसच्या चाळीस पिना उभ्या. वीज वेगळ्या वायरने येते हे बघून घेतलं आणि ती पिन छाटली.

खरी गंमत बायॉसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमची. डिस्कची जागा तो मोजतो ती जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर, १६ हेड, ५१२ बाइटचे ६३ सेक्टर, म्हणजे ५०४ एमबी. ४ जीबीचं कार्ड लावलं तरी माझ्या मशीनला दिसतं तेवढंच. नेटवर्क कार्डच्या रॉम सॉकेटमध्ये एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायॉस (मोठ्या डिस्क ओळखणारं जोड-बायॉस) बसवून ही मर्यादा ओलांडता येते, पण डॉस ६.२२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं एक पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) तरीही २ जीबीच्या वर जात नाही. डॉसच्या गेम्सना ५०४ एमबी रग्गड, मी त्या भानगडीत पडलो नाही.

पार्टिशन मात्र ४८६ वरच करा. आजच्या कॉम्प्युटरवर केलेल्या पार्टिशनचा हिशोब या बायॉसशी जुळेलच असं नाही. आणि कार्डावरून डॉस सुरू व्हावं म्हणून फॉरमॅट सी: /एस करूनही नुसता कर्सर लुकलुकत राहिला, तर एफडिस्क /एमबीआर ही आज्ञा द्या, ती सुरुवातीचा बूट कोड नव्याने लिहिते. पाकिटात यातलं काही लिहिलेलं नाही. पाकिटात कागदच नाही!

वेगाबद्दल तक्रार शून्य. आता वेळ खाते ती मेमरीची मोजणी, आणि हायमेमला (डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम) /टेस्टमेम:ऑफ दिल्यावर तीही निम्मी आटोपते. डिस्कचा वेग वाढवायला मेमरी वापरणारा स्मार्टड्राइव्ह काढून टाकला, तेवढीच मेमरी मोकळी. सगळ्यात मोठं सुख म्हणजे कार्ड रीडरमध्ये घालायचं आणि गेम्सचं अख्खं फोल्डर कॉपी करायचं. फ्लॉप्यांची चळत एकदाची कपाटात गेली. डिस्कची घरघर मात्र गेली, त्यामुळे गेम लोड होतोय की मशीन लटकलंय हे कानांना कळत नाही.

चालू मशीनमधून कार्ड उपटू नका, आयडीई मोडमध्ये ती सोय नाही. पाचपैकी चार. घेणार असाल तर मागच्या स्लॉटच्या पट्टीवर बसणारा घ्या. माझा आत बसतो, म्हणून कार्ड बदलायचं म्हटलं की आधी स्क्रू ड्रायव्हर शोधा.