दोन दिवसांचा मोटारसायकल प्रशिक्षणवर्ग : एका आयटी कर्मचाऱ्याचा अभिप्राय

मध्यरात्री सर्व्हर बंद पडल्याचे फोन आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या मागण्या यांनी डोके इतके शिणले होते की, ज्या कामाचे फळ त्याच क्षणी दिसते असे काही शिकावे, या ओढीने मी या वर्गात नाव नोंदवले.

पहिला संपूर्ण दिवस ब्रेकवर गेला आणि तोच सर्वांत मोलाचा ठरला. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण लिव्हर एकदम आवळला तर एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचे चाक अडकून घसरू शकते, म्हणून आधी हलका आणि मग वाढता दाब द्यायचा, हे प्रशिक्षकांनी माझ्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवून शिकवले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते, हे मैदानावरील शंकूंमुळे डोळ्यांनी पाहता आले. वेगात उजवीकडे वळताना हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची, हे मात्र अंगवळणी पडायला वेळ लागला.

शिकणारे जास्त असल्याने पाळीसाठी ताटकळावे लागले, ही उणीव खरीच. तरीही त्या दोन दिवसांत ऑफिसचा विचार एकदाही मनाला शिवला नाही, आणि पुढच्या टप्प्यासाठी मी नाव देऊन ठेवले आहे.