समुद्रबर्फाचं मॉडेल निवडताना: साइस, एसआय-क्यूब की नेक्स्टसिम?

ध्रुवीय समुद्रबर्फावर काम करायचं ठरलं की कोणाचं रिऑलॉजी (ताणाखाली बर्फ कसा सरकतो आणि मोडतो याचा नियम) नवं, कोणाची भौतिकी बारीक, अशी चर्चा सुरू होते. माझ्या मते ही सुरुवात उलट्या टोकाकडून आहे. आधी दोन गोष्टी ठरवा: तुमचा प्रश्न दहा दिवसांच्या अंदाजाचा आहे की शतकाच्या हवामानाचा, आणि बर्फाखाली महासागराचं कोणतं मॉडेल चालणार आहे. बर्फाचं मॉडेल वर वातावरण आणि खाली समुद्र यांच्या मधे बसतं. निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

साइस हे अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत वाढलेलं मॉडेल. आज अनेक संस्था मिळून ते सांभाळतात आणि सीईएसएमसारख्या मोठ्या हवामान मॉडेलांमध्ये ते वापरलं गेलं आहे. त्यातल्या बर्फाच्या हालचालीचं मूळ जुनं आहे: शास्त्रज्ञ हिबलर यांनी १९७९ मध्ये बर्फाकडे 'व्हिस्कस-प्लास्टिक' पदार्थ म्हणून पाहिलं: थोड्या ताणाखाली तो अतिशय मंद सरकतो, मर्यादा ओलांडली की मोडतो, रचला जातो. हे समीकरण सोडवायला जड. १९९७ मध्ये हंके आणि ड्युकोविझ यांनी त्यात लवचीकतेचं एक पद घातलं. ते पद गणिताच्या सोयीसाठी आहे, खऱ्या बर्फाच्या लवचीकतेचं वर्णन म्हणून नाही. त्यामुळे गणित छोट्या छोट्या पायऱ्यांत होतं आणि हजारो प्रोसेसरांवर सहज वाटता येतं. मात्र या उप-पायऱ्या कमी ठेवल्या तर विरूपणाच्या (बर्फ कुठे किती ताणला-दाबला गेला याच्या) नकाशात गोंगाट उरतो आणि नवखा माणूस त्यालाच भेगा समजतो. पायऱ्या वाढवून निकाल बदलतो का, हे पाहिल्याशिवाय तो नकाशा कोणाला दाखवू नये.

साइसचं खरं बळ मला उभ्या दिशेच्या भौतिकीत दिसतं. हा भाग 'आइसपॅक' नावाने वेगळा मिळतो आणि एकाच बिंदूवर, साध्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात बर्फातलं मीठ, वरचा हिम, वितळपाण्याची तळी आहेत. शिवाय मॉडेलच्या ग्रिडमधल्या एकाच चौकोनात जाडीचे वेगवेगळे गट ठेवता येतात, नेहमीच्या मांडणीत पाच. हे चोचले नाहीत. समजा चौकोनाचा अर्धा भाग २० सेंटिमीटर जाडीचा आहे आणि अर्धा ३ मीटरचा. सरासरी १.६ मीटर. हिवाळ्यात उष्णता बर्फातून वर जाते ती साधारण जाडीच्या व्यस्त प्रमाणात. पृष्ठभागाचं तापमान सारखं धरून आणि हिम बाजूला ठेवून हिशेब केला, तर दोन गट वेगळे ठेवल्यावर निसटणारी उष्णता सरासरी जाडीच्या हिशेबापेक्षा चौपटीहून जास्त निघते. नवा बर्फ किती तयार होणार, हे याच उष्णतेवर ठरतं.

नेमो हे महासागर मॉडेल आधीच वापरत असाल तर एसआय-क्यूब घ्या. फार विचार करू नका. बेल्जियमच्या लूव्हेन-ला-नव्हमधलं लिम, फ्रान्सचं गेलाटो आणि साइस या बर्फाच्या मॉडेलांचा अनुभव एकत्र करून ते नेमोसाठी बांधलं. समुद्र आणि बर्फ एकाच कोडात, त्यामुळे जोडणीची डोकेदुखी कमी. ब्रिटिश हवामान खात्याच्या जोडलेल्या हवामान मॉडेलाच्या जीसी-३ मांडणीत साइस होतं, जीसी-५ मध्ये एसआय-क्यूब आलं. जाडीचे गट, मीठ, तळी इथेही आहेत. भौतिकीतला फरक निवड फिरवण्याइतका मोठा नाही.

नेक्स्टसिमची वाट वेगळी. नॉर्वेतल्या बर्गेनच्या नानसेन केंद्रातलं हे मॉडेल बर्फाला ठिसूळ मानतं आणि त्रिकोणांची जाळी बर्फासोबतच वाहते. बर्फाला तडा गेला की ती जागा पुढेही कमकुवत राहते. उपग्रहातून दिसणाऱ्या लांब, अरुंद भेगा त्यात जाड ग्रिडवरही सुरेख उमटतात. हिवाळ्यातल्या भेगांमधून समुद्राची बरीच उष्णता निसटते, म्हणून हा नुसता देखण्या चित्रांचा मुद्दा नाही. पण वाहती जाळी सतत नव्याने बांधावी लागते आणि इतर मॉडेलांशी जोडणं अवघड होतं. मग ठिसूळ रिऑलॉजीच बरोबर, असं म्हणावं का? ग्रिड दोनेक किलोमीटरपर्यंत बारीक केलं तर जुनं व्हिस्कस-प्लास्टिकही भेगा दाखवतं. शिवाय ठिसूळ रिऑलॉजी आता एसआय-क्यूबमध्येही घालून पाहिलं गेलं आहे. थोडक्यात, भेगा आणि विरूपण हाच विषय असेल तर नेक्स्टसिम. शंभर वर्षांच्या धावेसाठी मी ते आज निवडणार नाही.

यंत्रशिक्षणाचा मोह सगळ्यांना होतो. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पुढाकाराने २०२१ मध्ये आलेलं आइसनेट हे यंत्रशिक्षणाचं मॉडेल आर्क्टिकमधल्या बर्फाचा सहा महिन्यांपर्यंतचा अंदाज देतं, आणि हंगामी अंदाजात त्याने एका नावाजलेल्या भौतिक मॉडेलला मागे टाकलं. शतकाअखेरच्या प्रश्नासाठी ते नाही.

दक्षिणेकडे हे सगळं मोजमाप बदलतं. अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढत होता, २०१६ मध्ये धाडकन घटला आणि २०२३ च्या हिवाळ्यात विक्रमी नीचांकावर गेला. हवामान मॉडेलांना ही चाल नीट पकडता आलेली नाही. तिथे रिऑलॉजीपेक्षा खालून येणारी समुद्राची उष्णता, जड हिमामुळे पाण्याखाली जाणारा बर्फ आणि लाटा यांकडे आधी पाहावं. लाटांनी फुटणाऱ्या तुकड्यांच्या आकारमानाची सोय साइसमध्ये आहे, म्हणून दक्षिणेसाठी माझा कल तिकडे.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी कराच. दोन पर्याय एकाच वातावरणीय माहितीवर चालवा आणि निकाल जाडीवर व वहनाच्या वेगावर तपासा. नुसत्या क्षेत्रफळावर विसंबू नका. अल्बेडोचा (बर्फ किती सूर्यप्रकाश परावर्तित करतो याचा) आकडा थोडा वर-खाली केला की सप्टेंबरचं क्षेत्रफळ हवं तसं जुळवता येतं, आणि जाडी मात्र चुकलेलीच राहते. आर्क्टिकच्या हिवाळ्यातल्या जाडीसाठी २०१० पासूनची क्रायोसॅट-२ या रडार उपग्रहाची मोजमापं मिळतात; उन्हाळ्यात वितळपाण्याची तळी रडारला फसवतात, म्हणून ते महिने तुलनेत धरताना सांभाळून.