सोलापुरातला समर कॅम्प: आत राहून बघितलेल्या अक्काचा रिव्ह्यू

एप्रिल लागला की सोलापुरात खांबाखांबावर समर कॅम्पचे बॅनर लटकतात आणि सगळ्यांवर तेच, स्विमिंग, डान्स, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, आणि कोपऱ्यात एक गोरंगोमटं हसणारं पोरगं जे सोलापूरच्या उन्हात कधी उभं राहिलंय असं अजिबात वाटत नाही. असल्याच एका कॅम्पमध्ये मी यंदा बीएस्सीचे पेपर संपल्यावर काम केलं. बॅनरवर आमचं नाव काउन्सेलर, पोरांसाठी आम्ही अक्का आणि दादा. कॅम्पचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला पुढच्या वर्षी परत जायचंय तिथं. ज्यांची पोरं होती त्यांना वाचून कळेलच.

विजापूर रोडनं शहर संपलं की आत एका शेताचं आवार आहे, चार मोठी कडुलिंबाची झाडं, एक पत्र्याचा हॉल, मागं पाण्याचा हौद. वय सहा ते चौदा, वेळ सकाळी साडेसहा ते साडेअकरा, फी साडेतीन हजार, त्यात टी-शर्ट टोपी नाश्ता आणि न्यायला-आणायला गाडी. वेळ एकदम बरोबर ठेवलीय, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला टेकतो, दुपारचे कॅम्प घेणाऱ्यांना मी तर हात जोडते. पण पत्र्याचा हॉल साडेदहालाच तापतो हे त्यांना कळत असून डान्सचा क्लास त्याच टायमाला आणि त्याच हॉलमध्ये का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही पोरांना घेऊन लिंबाखाली यायचो, सर ओरडायचे, परत आत, परत बाहेर.

स्विमिंगचं आधी सांगून टाकते कारण त्यासाठीच निम्मे पालक पैसे भरतात. स्विमिंग नाहीये ते. कमरेएवढ्या हौदात टँकरचं पाणी सोडतात, पोरं त्यात अर्धा तास डुंबतात, एक ट्रेनर काठावर उभा असतो. पोरं खूश असतात यात वादच नाही, पण पोहायला शिकेल म्हणून पाठवत असाल तर नका पाठवू, त्यापेक्षा तलावावर रीतसर बॅच लावा.

आता मेन मुद्दा. कॅम्प निवडताना पालक काय विचारतात, ॲक्टिव्हिटी किती, सर्टिफिकेट मिळतं का, फोटो ग्रुपवर टाकणार का. एक पण माणूस हे विचारत नाही की एका अक्काकडं पोरं किती. माहितीपत्रकात आठाला एक लिहिलेलं, माझ्याकडं चौदा होती, एखादा दादा आला नाही की त्याची पण माझ्याकडं. आणि चौदा पोरं खेळवणं अवघड नसतं हो, खेळ तर चाळीस जणांचा पण घेता येतो. अवघड असतं ते मधलं सगळं, एकाला शू लागलीय, एकीची चप्पल हौदात गेलीय, एक सकाळपासून काहीच बोललेलं नाही आणि ते तुमच्या लक्षात यायला पाहिजे. आठ असली तर येतं, चौदात ते गप्प बसलेलं पोरगं हरवून जातं. मला विचाराल तर बाकी सगळं सोडा, हा एक प्रश्न फोनवर विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर दुसरा कॅम्प बघा.

सेफ्टीचं सांगायचं तर अर्धं चांगलं अर्धं नाही. पहिल्या दिवशी एका डॉक्टर मॅडमनी आम्हाला ऊन लागल्याची लक्षणं, जखम धुणं, आणि घरच्या घरी जलसंजीवनी करायला शिकवली, एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचाच अर्धा चमचा मीठ, आणि सपाट म्हणजे सपाटच हे त्यांनी दहादा सांगितलं. लई कामाला आलं ते. पण चांगला स्पर्श वाईट स्पर्श, पोरानं काही सांगितलं तर आम्ही कुणाकडं जायचं, यावर एक शब्द नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, एवढी वर्षं झाली, आणि लहान मुलांबरोबर काम करणाऱ्यांना निदान १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर तरी सांगायला नको? आम्ही पोरींनीच तो चार्टवर लिहून हॉलच्या दारावर लावला.

नाश्त्याला मात्र पैकीच्या पैकी. उप्पीट, पोहे, चुरमुऱ्याची सुशीला, आणि शनिवारी ज्वारीची भाकरी, दही आणि शेंगाचटणी. घरी भाकरीला नाक मुरडणारी पोरं तिथं दोन-दोन खायची आणि आया विचारायच्या काय घालता हो त्याच्यात. काही नाही घालत, सकाळपासून पळवतो फक्त. सरबत तेवढं पावडरचं भगवं असायचं, त्याच्याऐवजी ताक द्या म्हणून आम्ही दोनदा बोललो, शेवटच्या आठवड्यात सुरू झालं.

घरचं पण लिहिते कारण हे काम करायचं म्हणजे घरच्यांनाच जास्त निभवावं लागतं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, ते पण रात्री कधी येईल नेम नाही, त्या रात्री मी, आई आणि धाकटा भाऊ बॅरल भरत जागे आणि पहाटे साडेपाचला मी परत तयार. बाबा टॉवेलच्या कारखान्यातून रात्री आठला येतात तोवर मी ताटावर पेंगत असायचे. आई म्हणायची, परक्याच्या पोरांना भरवतीस आणि घरी स्वतःचं ताट उचलत नाहीस. गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या दिवसात मी घरी नाही याचा तिला खरा राग होता, पण मी पोरांच्या गोष्टी सांगायला लागले की सगळ्यात आधी तीच विचारायची, त्या न बोलणाऱ्या पोराचं काय झालं गं?

त्या पाण्यावरनंच एक ॲक्टिव्हिटी निघाली, कॅम्पच्या वेळापत्रकात नसलेली. मी पोरांना विचारलं तुमच्या घरी पाणी कुठनं येतं, एक म्हणाला मोटरीतनं. मग जमिनीवर खडूनं नकाशा काढला, भीमेवरचं उजनी, तिथनं पाइपलाइन, टाकी, गल्ली, बॅरल. उजनी ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाण्याचं धरण आणि आमच्याकडं चार दिवसाआड नळ, असं का, हे एका सातवीतल्या पोरीनं विचारलं आणि माझ्याकडं काय सरांकडं पण धड उत्तर नव्हतं. तिनं घरी जाऊन वडलांना विचारलं म्हणे, मग महापालिकेत फोन लावायला लावला.

आजीचं कॉन्ट्रिब्युशन सगळ्यात भारी. ब्रेन जिम नावाचा एक तास होता, वर्कशीट भरायची, पोरं अक्षरशः जांभया द्यायची. आजी म्हणाली चौकाबारा शिकव की, तो घरं आखून चिंचोक्यांवर खेळायचा जुना खेळ, आणि चिंचोके फोडून, घासून, पिशवीत भरून दिले. फरशीवर खडूचे घर, चार जण, बस. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं, कन्नड बोलणारी, उर्दूवाली, आमची मराठी, सगळी एकाच घरावर भांडायला लागली, आणि भांडण कुठल्या भाषेत चाललंय तेच कळेना. दुसऱ्या दिवसापासून वर्कशीट कुणी मागितलीच नाही. साडेतीन हजारातला सगळ्यात चांगला तास फुकटच्या चिंचोक्यांवर झाला, हे मॅनेजमेंटनं लिहून घ्यावं.

आणि शून्य सावली. आपण कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळं वर्षातनं दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सोलापूरला त्यातला पहिला दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साधारण १२ वाजून २० मिनिटांच्या पुढंमागं. सायन्सच्या सरांनी मोठ्या गटाला त्या दिवशी उशिरापर्यंत थांबवून घेतलं, पालकांची परवानगी घेऊन, डोक्याला ओलं कापड आणि फक्त पाच मिनिटं उन्हात. मैदानात स्टीलची बाटली, पाइपचा तुकडा, बॅट, जे सापडेल ते उभं केलेलं. सावली आखडत आखडत बुडाखाली गेली आणि एक जण ओरडला, गेली बे गेली! एकानं बाटली उचलून खाली बघितलं सावली तिथं लपलीय का म्हणून. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली आमच्या वेळी पण होत असेल की, उन्हात उभं राहून बघायला रिकामा वेळ कुणाला होता.

कॅम्पात एक रात्र मुक्काम पण होता, त्या रात्री याचाच दुसरा भाग झाला. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक पुढं नेला की स्वाती, अजून पुढं चित्रा, एवढं आठवीतलं पोरगं दोन मिनिटात शिकतं. ध्रुव शोधायला मात्र वेळ लागला कारण सगळे वर बघत होते, आणि तो आपल्याकडं क्षितिजापासनं जेमतेम १७-१८ अंशावर, हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींपेक्षा पण कमी. सोलापूरचा अक्षांश तेवढाच, म्हणून. शून्य सावलीची तारीख पण त्याच आकड्यावरनं निघते हे सरांनी सांगितलं तेव्हा मी स्वतः सेकंड इयरला असून आ वासला. पण त्याच रात्री सहा-सात वर्षांची पोरं रडायला लागली, अक्का मला घरी जाऊ वाटलालंय, एकाचं बघून दुसरं. एवढ्या लहानांना मुक्काम ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, दहाच्या पुढची ठेवा. मी एकीला मांडीवर घेऊन बसले आणि ती सांगत राहिली तिच्या घरी कूलर कुठं आहे, कूलरसमोर कोण झोपतं, आणि त्यावरनं रोज कशी मारामारी होते.

नान्नजच्या ट्रिपचे तीनशे वेगळे घेतले, बॅनरवर ते नव्हतं, पालक चिडले ते बरोबरच होतं. ट्रिप चांगली होती पण. माळढोक पक्ष्यासाठी हे अभयारण्य १९७९ सालचं, माळढोक काय दिसला नाही, आता दिसणं जवळपास नाहीच, काळविटांचा कळप मात्र पहाटे अगदी जवळनं गेला आणि बसमधला गोंधळ आपोआप थांबला.

कॉलेजच्या पोरापोरींनी काम करावं का? करा, पण मानधन आधी कागदावर घ्या. मला चार हजार ठरले होते, ते जूनच्या मध्याला आले, तेही फोन करून करून. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलेलं आहे, ते अजून दुरुस्त होऊन यायचंय.

पाचात साडेतीन स्टार. अर्धा फक्त नाश्त्याचा. पाठवणार असाल तर टोपी घरची सुती द्या, त्यांची नायलॉनची आहे, बाटली एक लिटरच्या खालची नको, आणि नाव कपड्यावर आतून लिहा कारण शेवटच्या दिवशी हॉलमध्ये पन्नास एकसारखे पिवळे टी-शर्ट पडलेले असतात आणि ते वाटत बसायला परत आम्हीच असतो.