आयपॉड न घेता नऊ महिने: कार्डवाल्या छोट्या प्लेअरचा अनुभव

गाणी ऐकायचा प्लेअर घ्यायचा म्हटलं की एकेकाळी दुकानदार आधी ॲपलचा आयपॉडच (तो २०२२ मध्ये बंद झाला) काढून दाखवायचा, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. ऑक्टोबर २००१ मध्ये पहिला आयपॉड आला, २००३ मध्ये त्याच्या जोडीला आयट्यून्सचं गाणी विकणारं ऑनलाइन दुकान उघडलं, आणि पुढे डॉकवाले (प्लेअर वर खोचायचे) स्पीकर, गाडीतले ॲडॉप्टर सगळे त्याच्याच ३० पिनांच्या जोडणीच्या मापाने निघू लागले. मी वापरतोय तो प्लेअर अगदी दुसऱ्या टोकाचा आहे: काडेपेटीएवढा, मागे क्लिप, आत ४ जीबी, बाजूला मायक्रोएसडी कार्डाची खाच, एफएम रेडिओ आणि इंचभर स्क्रीन. या जातीचे प्लेअर बऱ्याच कंपन्या काढतात आणि त्यांच्या खोडी मिळत्याजुळत्या असतात, म्हणून मॉडेलपेक्षा जातीबद्दलच लिहितो.

निवड करताना आवाजाची चर्चा नंतर करा. गाणी कुणाच्या ताब्यात राहणार, हे आधी ठरवा. आयपॉडवर गाणी चढायची ती संगणकावरच्या आयट्यून्स या प्रोग्रॅममधून. आत ती लपवलेल्या फोल्डरमध्ये एफ००, एफ०१ अशा कप्प्यांत, चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी पडतात. कुठलं गाणं कुठे आहे ते फक्त आतल्या डेटाबेसला, म्हणजे गाण्यांच्या यादीला, ठाऊक. तो बिघडला की गाणी जागच्या जागी असूनही मेनू रिकामा दिसतो. ऑटोमॅटिक सिंक (संगणकावरची गाणी आपोआप प्लेअरवर उतरवणं) चालू असेल आणि दुसऱ्या संगणकाला जोडला, तर आहे ते पुसून नवीन भरू का, असं आयट्यून्स विचारतं. ज्याला फाइलींना हातच लावायचा नाही त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे, हे मनापासून सांगतो. पण ज्याने वर्षानुवर्षं सीडी रिप करून (त्यावरची गाणी फाइलींत उतरवून) फोल्डर नीट लावले आहेत, त्याला ते लावलेलं घर विस्कटल्यासारखं वाटतं.

कार्डवाला प्लेअर पेनड्राइव्हसारखा उघडतो आणि फोल्डर जसेच्या तसे चढतात. त्यासाठी सेटिंगमध्ये यूएसबी मोड ‘एमएससी’ (पेनड्राइव्हचा प्रकार) करा. ‘ऑटो’ ठेवला तर विंडोजवर तो एमटीपीमध्ये (मीडिया प्लेअर म्हणून जोडण्याच्या प्रकारात) जातो, मग ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये दिसली नाहीत तर घाबरू नका, मोड परत बदला.

कार्ड घेताना क्लास बघा. क्लास ४ म्हणजे सेकंदाला किमान ४ एमबी लिहिण्याची हमी. त्या वेगाने ३२ जीबी भरायला सव्वादोन तास लागतात. नवीन कार्ड आधी एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. नकली कार्डावर आकडा ३२ चा असतो आणि आत जागा ८ चीच निघते. तेवढं भरेपर्यंत सगळं सुरळीत, पुढची गाणी अर्धवट तुटतात. कार्डाचा फॉरमॅट (फाइली मांडण्याची पद्धत) फॅट३२ हवा. २५६ केबीपीएसचं (सेकंदाला २५६ किलोबिट) चार मिनिटांचं गाणं पावणेआठ एमबीच्या आसपास, म्हणजे ३२ जीबीत चार हजार गाणी मावतात.

आणि इथेच खरी मेहनत सुरू होते. केबल काढली की प्लेअर डेटाबेस नव्याने बांधतो. माझ्या भरलेल्या कार्डाला चारेक मिनिटं लागतात, आणि एखादं गाणं जरी टाकलं तरी पुन्हा तेवढीच. हे काम मध्येच अडकलं तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: एखाद्या फाइलीत कोंबलेलं अल्बमचं अवाढव्य मुखपृष्ठ. १४०० पिक्सेलचं चित्र छोट्या प्लेअरच्या मेमरीला झेपत नाही, आणि प्रोग्रेसिव्ह जेपेग (टप्प्याटप्प्याने उलगडणारं चित्र) तर अनेकांना उघडतच नाही. चित्रं ३०० बाय ३०० ची, साध्या बेसलाइन जेपेगमध्ये करून टाका. प्लेअर पूर्ण गोठला तर पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. बॅटरी बाहेर निघत नाही, तेव्हा दुसरा इलाज नाही. चालू झाल्यावर कार्डावर विंडोजचं चेकडिस्क (चुका शोधून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवा. ‘सेफली रिमूव्ह’ न करता केबल ओढण्याची सवय असेल तर हे वारंवार होणार.

टॅगचं, म्हणजे फाइलीत गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं नाव लिहिण्याचं, काम एकदा बसून करावंच लागतं. एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये लिहिण्याचा प्रकार आयडी३ व्ही२.३, यूटीएफ-१६ असा ठेवा, व्ही२.४ चे टॅग जुन्या फर्मवेअरला (प्लेअरच्या आतल्या प्रोग्रॅमला) नीट वाचता येत नाहीत आणि गाणी ‘अननोन’मध्ये जाऊन पडतात. ट्रॅक क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी लिहा, नाहीतर १ नंतर १० वाजतं. अनेक गायकांच्या संग्रहाला ‘अल्बम आर्टिस्ट’ एकच द्या. फोल्डरमधून वाजवताना काही प्लेअर नावाचा क्रम बघत नाहीत, फाइली कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या तो बघतात. म्हणून एक अल्बम पूर्ण कॉपी झाल्यावरच दुसरा सुरू करा. मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक गाण्यामागे ‘._’ ने सुरू होणारी एक न वाजणारी फाइल येते, तीही काढून टाका.

देवनागरी टॅगची मात्र निराशा होते. चौकोन दिसले नाहीत तर अक्षरं दिसतात, पण मोडकी: ‘दिवस’मधली वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘विठ्ठल’मधला ठ पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट टाकून हे सुटत नाही, कारण अक्षरं जोडायची व्यवस्थाच फर्मवेअरमध्ये नसते. नावं रोमन लिपीत लिहून ठेवणं हाच मार्ग. मला हे अजूनही खुपतं.

सलग वाजणाऱ्या रेकॉर्डिंगचं म्हणाल तर ही या प्लेअरची दुखरी जागा आहे. एमपी३ फाइल फ्रेम नावाच्या तुकड्यांची बनते. एक फ्रेम ११५२ सॅम्पलची (आवाजाच्या नमुन्यांची), म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची. गाणं नेमकं फ्रेमच्या पटीत संपत नाही, म्हणून एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम) पुढे-मागे शांतता भरतो. किती भरली याची नोंद लेम एन्कोडर फाइलीतच करतो, पण प्लेअरने ती वाचली पाहिजे. माझा वाचत नाही. मैफिलीत विलंबित संपून द्रुत सुरू होताना, टाळ्यांच्या मधोमध, एक बारीक खाच ऐकू येते. आयपॉडने ही गोष्ट २००६ मध्येच सोडवली आहे. माझा उपाय: अशी रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता साठवणाऱ्या फाइलप्रकारात) ठेवणं, या प्लेअरवर ती सलग वाजतात. फ्लॅक आयपॉड मुळात घेतच नाही, तिथे ॲपल लॉसलेस (ॲपलचा तसाच प्रकार) करून घ्यावं लागतं.

गाण्यागणिक आवाज लहान-मोठा होत असेल तर एमपी३गेन हा प्रोग्रॅम वापरा. तो पुन्हा एन्कोड करत नाही, फ्रेममधला पातळीचा आकडा १.५ डेसिबलच्या पायरीने बदलतो, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही.

बॅटरीचा डब्यावरचा आकडा १५ तासांचा. तो साधारणपणे १२८ केबीपीएस, मध्यम आवाज आणि बंद स्क्रीन धरून काढलेला असतो. २५६ चे एमपी३, इक्वलायझर बंद, स्क्रीन १० सेकंदांत विझणारा, असं ठेवून मला साडेबारा-तेरा तास मिळतात. हार्डडिस्कच्या आयपॉडमध्ये हिशेब वेगळा: गाणी आधी मेमरीत घेऊन डिस्क थांबते, म्हणून सतत गाणी पुढे ढकलली किंवा मोठ्या फाइली वाजवल्या की डिस्क पुन्हा पुन्हा फिरते आणि चार्ज भराभर उतरतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. सोबत आलेले इअरफोन बदला, फरक तिथेच पडतो. १६ ओहमचे इअरफोन असतील तर प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स (विद्युत अडथळा) २ ओहमच्या आत असलेला बरा, नाहीतर बास फुगतो किंवा खालचा भाग पोकळ होतो.

सातव्या महिन्यात गायकाचा आवाज अचानक विहिरीतून आल्यासारखा झाला, वाद्यं मात्र ठणठणीत. प्लेअर बिघडलेला नव्हता. जॅकमध्ये खिशातला कापसाचा मळ साचला की पिन पूर्ण आत बसत नाही, दोन्ही कानांची सामाईक अर्थिंग सुटते आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक उरतो. गायक दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने मळ अलगद काढा. सुई घालू नका, आतली पट्टी वाकते.

दुकानात जाताना स्वतःचं कार्ड न्या. त्यावर सलग वाजणारे दोन ट्रॅक, एक फ्लॅक, एक कुलूप (कॉपीबंदी) नसलेली एएसी (आयट्यून्सचा नेहमीचा प्रकार) फाइल आणि एक देवनागरी नावाचं गाणं असू द्या. २००९ च्या आधी आयट्यून्सवरून घेतलेली कुलूपबंद गाणी असतील तर ती इथे वाजणार नाहीत, हे धरूनच चला. डेटाबेस बांधून होईपर्यंत दुकानदाराला थांबायला सांगा.